नोकरीच्या शोधातले टिळक

नोकरीसाठी अर्ज करू पाहणाऱ्या प्रत्येक तरुणापुढे एक अडचण हटकून उभी राहते. आपले सारे आयुष्य एक-दोन पानांत बसवायचे कसे? शिक्षण मध्येच सुटले असेल, चार-पाच ठिकाणी थोडे थोडे दिवस काम केले असेल, मधल्या काही वर्षांचा हिशोब देता येत नसेल, तर हे कोरे पान परीक्षेच्या पेपराहूनही कठीण वाटू लागते. नगर, श्रीरामपूर, संगमनेर वा कोपरगावहून पुण्याच्या मुलाखतीसाठी पहाटेची एसटी पकडणाऱ्या कितीतरी जणांच्या हातातील फाईलमध्ये असेच एखादे अडखळत लिहिलेले पान असते.

सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी ज्यांनी नगरला आपली कर्मभूमी केली, ते कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांना असे पान लिहावे लागले असते तर? मराठी रसिक त्यांना फुलामुलांचे कवी म्हणून ओळखतात, ख्रिस्ती समाज भजनकार म्हणून. परंतु या दोन्ही ओळखींच्या आड त्यांच्या आयुष्यातील पंधरा वर्षांची एक वणवण दडलेली आहे. ती वणवण पोटासाठी होती, तशीच आपल्या अंगच्या गुणांना योग्य जागा मिळावी यासाठीही होती. आजच्या नोकरी शोधणाऱ्याला तिच्यातून बरेच काही शिकता येण्यासारखे आहे.

पदवीवाचून विद्या

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. वडील सरकारी नोकर आणि स्वभावाने अत्यंत कडक. आई मात्र काव्यप्रेमी आणि मायाळू. नारायण लहान असतानाच आई गेली आणि त्या घराशी त्याला बांधून ठेवणारा धागा तुटला. घर सोडून तो नाशिकला आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यासारख्या विद्वानाकडे त्याने संस्कृतचे अध्ययन केले. इंग्रजी शाळेतही काही काळ काढला. पण पोटापाण्याची चिंता आणि भावंडांची जबाबदारी यांमुळे ते शिक्षण पुढे रेटता आले नाही.

विद्यापीठाची पदवी टिळकांनी कधीच मिळवली नाही. त्या काळात मॅट्रिक होऊन बी. ए.कडे वळलेला तरुण कचेरीत, शाळाखात्यात किंवा वकिलीत आपले बस्तान बसवी. टिळकांपाशी संस्कृतावर प्रभुत्व होते, वाणी ओघवती होती, कविता सहज स्फुरत होती आणि इंग्रजीही त्यांनी स्वतःच्या कष्टाने आत्मसात केले होते. परंतु यांपैकी एकाही गोष्टीवर कोणा संस्थेचा शिक्का नव्हता. आजच्या भाषेत बोलायचे तर कौशल्ये भरपूर, प्रमाणपत्र एकही नाही, अशी ही स्थिती होती.

पंधरा वर्षांची वणवण

१८८० मध्ये टिळकांचा विवाह नाशिकजवळील जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिकेशी झाला. त्याच पुढे 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक होत. विवाहाच्या वेळी वर अठरा-एकोणीस वर्षांचा होता आणि वधू अकरा-बारा वर्षांची. संसार सुरू झाला खरा, पण त्याला ठावठिकाणा नव्हता.

पुढील दीड दशकात टिळकांनी नाना प्रकारची कामे केली. कोठे शिक्षकी, कोठे पौरोहित्य व पुराण-प्रवचन, तर कधी छापखान्यात खिळे जुळवण्याचे काम. एका गावी जम बसतोय असे वाटावे तोच ते गाव सुटे. कधी वरिष्ठांशी पटत नसे, कधी मनाला दुसरीच ओढ लागे. हातात पैसा आलाच तर तो समोरच्या गरजवंताकडे जाण्यास वेळ लागत नसे. पत्नी कधी माहेरी, कधी सासरी, कधी पतीबरोबर नव्या गावात नव्याने चूल मांडणारी. मुले झाली, त्यांतील काही दगावली. टिळकांच्या प्रत्येक नव्या नोकरीची आणि प्रत्येक राजीनाम्याची किंमत या घराने मोजली, हे विसरून चालणार नाही. लहर, कवित्व, निःस्पृहता अशी गोंडस नावे या अस्थिरतेला देता येतील. परंतु घरात दाणा नसताना त्या नावांनी पोट भरत नाही.

वरवर पाहता ही सारी कामे एकमेकांशी फटकून आहेत. एखाद्या व्यवस्थापकाच्या हाती अशा नोकऱ्यांची यादी पडली, तर हा मनुष्य कोठेच टिकत नाही, असा शेरा मारून तो ती बाजूला ठेवील. पण जरा बारकाईने पाहिले तर या यादीत एक सूत्र सापडते. शिक्षक शब्दांनी शिकवतो, पुराणिक शब्दांनी श्रोत्यांना धरून ठेवतो, खिळे जुळवणारा शब्दांना छापील रूप देतो. टिळक कोठेही गेले तरी शब्दांच्याच व्यवसायात होते. अडचण एवढीच होती की, या तिन्ही गोष्टी ज्याला एकत्र हव्या आहेत असा मालक त्यांना अजून भेटला नव्हता.

नागपूरचा आश्रय

असा पहिला योग नागपुरास आला. संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराचे काम त्यांना तेथे मिळाले. नागपूरचे धनिक आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने १८९१ मध्ये टिळकांनी 'ऋषी' नावाचे मासिक काही काळ संपादित केले. धर्मविषयक प्रश्नांची चर्चा हा त्याचा विषय होता. विद्वत्ता, लेखन आणि संपादन ही तिन्ही अंगे एका कामात आली होती.

पण आश्रयाची नोकरी ही आश्रयदात्याच्या मर्जीवर चालते. शिवाय टिळकांच्या मनात खळबळ सुरू झाली होती. ज्या धर्मावर ते लिहीत होते, त्यातील जातिभेद त्यांना पटेनासा झाला होता. मनाला न पटणारी गोष्ट रोज कागदावर मांडणे हे त्यांच्यासारख्याला फार काळ जमणारे नव्हते. ती जागाही सुटली आणि टिळक पुन्हा नोकरीच्या शोधात निघाले.

रेल्वेच्या डब्यातील भेट

१८९३ मध्ये टिळक नागपूरहून राजनांदगाव संस्थानाकडे रेल्वेने निघाले. उद्देश साधा होता : संस्थानात काही काम मिळते का ते पाहणे. डब्यात त्यांची गाठ अर्नेस्ट वॉर्ड या परदेशी मिशनऱ्याशी पडली. दोघांत साहित्य व धर्म यांविषयी गप्पा रंगल्या. उतरताना त्या गृहस्थाने टिळकांना बायबलची प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. टिळकांनी ते त्या वेळी मनावर घेतले नसावे. पण पुस्तक मात्र वाचून काढले. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने ते भारावून गेले.

राजनांदगावात काही काळ काढल्यानंतर टिळकांची वाट मुंबईकडे वळली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. पत्नीला याची आगाऊ कल्पना नव्हती. त्यांच्या पदरी तेव्हा लहानगा दत्तू होता. नातलगांवर जणू आकाश कोसळले. लक्ष्मीबाई मुलासह नातलगांच्या आश्रयाला राहिल्या आणि पती-पत्नींची ताटातूट झाली. ती पुढे चार-पाच वर्षे टिकली.

धर्मांतराच्या बऱ्या-वाईटाची चर्चा येथे प्रस्तुत नाही. नोकरीच्या बाजारात मात्र त्याचा अर्थ स्पष्ट होता. तेहतीस वर्षांच्या टिळकांनी आजवर जे जे नाव कमावले होते, ते शास्त्री-पंडितांच्या, पुराणश्रोत्यांच्या आणि आश्रयदात्यांच्या वर्तुळात होते. एका दिवसात ते सारे वर्तुळ त्यांना पारखे झाले. ज्यांच्या शिफारशीवर काम मिळावे, त्यांच्या घराचे दरवाजे बंद झाले. आपल्या बायोडाट्याच्या शेवटी ज्यांची नावे लिहावीत असा परिचितांपैकी जवळजवळ कोणीही उरला नाही. शून्यापासून प्रारंभ यालाच म्हणतात.

नगरची जागा

आणि तरीही त्यांचे हरवलेले काम त्यांना येथेच सापडले. टिळक अमेरिकन मराठी मिशनमध्ये दाखल झाले आणि अहमदनगरला, म्हणजेच आताच्या अहिल्यानगरला आले. या मिशनचे नगरमधील कार्य १८३१ पासून चालू होते. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ मध्ये येथूनच सुरू झाले होते. सावित्रीबाई फुले यांनी ज्यांच्याकडे अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले, त्या सिंथिया फॅरार याच नगरमध्ये मुलींना शिकवीत होत्या. शाळा, छापील मजकूर आणि धर्मशिक्षण ही तिन्ही कामे येथे एकत्र चालत. शब्दांच्या माणसाला याहून योग्य पेठ कोणती असणार?

धर्मगुरू होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना हिंदू धर्मग्रंथ व वाङ्मय शिकवण्याचे काम टिळकांकडे आले. नाशिकला शास्त्रीबुवांपाशी बसून केलेले ते अध्ययन, ज्याला कोठे प्रमाणपत्र नव्हते, तेच आता त्यांची मुख्य पात्रता ठरले. पुराण-प्रवचनाचा सराव ख्रिस्ती कीर्तनात उपयोगी पडला. अभंग, ओवी, पद यांची घरगुती ओळख भजनरचनेत उतरली. त्या काळच्या प्रार्थनामंदिरांत परकी चालींवर बेतलेली गीते बरीच असत. ग्रामीण श्रोत्याला ती परकीच वाटत. टिळकांनी ज्ञानेश्वर-तुकारामांच्या वाटेने जाणारी मराठी भजने दिली. मराठी ख्रिस्ती उपासनेत ती आजही गायिली जातात. १९०४ मध्ये त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली.

घरही पुन्हा उभे राहिले. दीर्घ विचारानंतर लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या आणि १९०० मध्ये त्यांनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला. नगर आणि राहुरी येथे या दांपत्याचा संसार पुढे चालला. प्लेगची साथ, अनाथ मुलांना घरी आणून सांभाळणे, येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांची वर्दळ यांनी ते घर नेहमी भरलेले असे.

दुसऱ्याचे पान लिहिणारा

ज्याने स्वतः दारोदार हिंडून काम शोधलेले असते, त्याला नवख्या उमेदवाराची तगमग लवकर कळते. १९०७ मध्ये जळगाव येथे भरलेल्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या सतरा वर्षांच्या मुलाने आपल्या कवितेने सर्वांना चकित केले आणि तेथेच त्याला बालकवी हे नाव मिळाले. या मुलाच्या मागे ना पैसा होता, ना मोठे शिक्षण. टिळकांनी त्याला नगरला आपल्या घरी आणले. टिळकांच्या घरात त्याला वडीलकीची माया मिळाली आणि लक्ष्मीबाईंच्या रूपाने दुसरी आई मिळाली. १९१८ मध्ये अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी बालकवींचा रेल्वे अपघातात अंत झाला; पण त्यांच्या कवितेच्या घडणीत नगरच्या त्या घराचा वाटा मोठा आहे.

१९१२ पासून टिळकांनी 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादन केले. ती जबाबदारी त्यांनी अखेरपर्यंत सांभाळली. नागपुरात 'ऋषी'च्या निमित्ताने जे काम अल्पकाळ हाती आले होते, तेच येथे स्थिरपणे मिळाले. ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध करणारे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांनी हाती घेतले. त्याचे सुरुवातीचे अध्यायच त्यांच्याकडून होऊ शकले. ते पूर्ण केले लक्ष्मीबाईंनी.

अखेरचा राजीनामा

गोष्ट येथे संपली असती तर ती एका यशस्वी नोकरदाराची गोष्ट ठरली असती. पण टिळकांनी १९१७ मध्ये आणखी एक राजीनामा दिला. मिशनची पगारी नोकरी सोडून ते साताऱ्याला गेले आणि 'देवाचा दरबार' या नावाने एक खुला बंधुसंघ उभा करण्याच्या प्रयत्नास लागले. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात स्थान असावे, अशी त्यांची कल्पना होती. पंचावन्न वर्षांच्या, घरसंसार असलेल्या माणसाने हक्काचा पगार सोडणे हे व्यवहाराला धरून नव्हते. परंतु तारुण्यातील राजीनामे आणि हा राजीनामा यांत मोठा फरक आहे. तेव्हा आपल्याला काय नको आहे एवढेच ठाऊक होते. आता काय हवे आहे, हे नेमके माहीत होते.

त्या कार्याला त्यांना फार अवधी मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

आजच्या उमेदवारासाठी

टिळकांचा काळ आणि आजचा काळ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आज अर्ज संगणकावरून जातो, अनेक मोठ्या कंपन्यांत तो प्रथम यंत्रच चाळते आणि मग तो माणसाच्या नजरेस पडतो. तरीही या चरित्रातून बायोडाटा लिहिणाऱ्याने घ्यावयाचे काही धडे आजही तितकेच खरे आहेत.

पहिला धडा सूत्राचा. केलेल्या कामांची नुसती जंत्री देऊ नये. किराणा दुकानातील हिशोब, सहकारी पतसंस्थेतील उमेदवारी, घरच्या दूध व्यवसायाची नोंदवही ही कामे वेगवेगळी दिसली तरी त्यांत हिशोबाचे एक सूत्र आहे. लेखा विभागातील जागेसाठी अर्ज करताना तेच वर आले पाहिजे. टिळकांच्या शिक्षकी-पुराणिकी-छापखान्याचे सूत्र शब्द होते. ते वाचणाऱ्याने शोधून काढावे, अशी अपेक्षा धरू नये. आपणच पहिल्या दोन-तीन ओळींत सांगावे.

दुसरा धडा समोरच्याची गरज ओळखण्याचा. जगातील पहिला बायोडाटा म्हणून ज्याचा हमखास उल्लेख होतो, ते पत्र लिओनार्दो दा विंचीने १४८२च्या सुमारास मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याच्यासाठी लिहिले. लिओनार्दो थोर चित्रकार. पण त्या पत्रात त्याने आधी पूल, तोफा आणि युद्धयंत्रे यांविषयीचे आपले ज्ञान मांडले. चित्रकला अगदी शेवटी आली. कारण त्या राजाला तेव्हा चित्रकारापेक्षा युद्धाची साधने घडवणारा हवा होता. नगरच्या मिशनलाही कवी हवा होता असे नाही; त्यांना हिंदू वाङ्मय जाणणारा शिक्षक हवा होता. त्या दाराने टिळक आत आले आणि मग कवी म्हणून वाढले. म्हणूनच एकच पान दहा ठिकाणी धाडण्याऐवजी प्रत्येक जागेची जाहिरात वाचून पानाची मांडणी बदलणे शहाणपणाचे. मजकूर खराच ठेवावा. बदलायचा तो क्रम.

तिसरा धडा प्रामाणिकपणाचा. मधल्या रिकाम्या वर्षांवर खोट्या नोकऱ्यांचे ठिगळ लावू नये. चौकशीत ते उसवते आणि मग खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो. आजारपण, घरची शेती, स्पर्धापरीक्षेची तयारी, आई-वडिलांची शुश्रूषा ही कारणे एका ओळीत साधेपणाने लिहावीत. त्या काळात जे शिकलो तेही लिहावे. टिळकांनी वणवणीतच इंग्रजी वाढवले आणि वाचन केले. रिकामे वाटणारे दिवस त्यांनी रिकामे घालवले नाहीत.

चौथा धडा माणसांचा. टिळकांच्या आयुष्यातील महत्त्वाचे वळण एका अनोळखी सहप्रवाशाशी झालेल्या संभाषणातून आले. बायोडाटा दार ठोठावतो. दार उघडते ते बहुधा माणसांमुळे. आपल्या शिक्षकांशी, जुन्या वरिष्ठांशी संबंध राखावेत आणि त्यांचे नाव संदर्भासाठी देण्यापूर्वी त्यांची परवानगी अवश्य घ्यावी.

पानावर न मावणारे

टिळकांच्या घरात आणखी एक व्यक्ती होती, जिला बायोडाटा लिहायला सांगितले असते तर कदाचित एक ओळही सुचली नसती. लक्ष्मीबाई रीतसर शाळेत गेलेल्या नव्हत्या. लिहिणे-वाचणे त्या पतीकडून शिकल्या. पतीने सोडलेल्या प्रत्येक नोकरीनंतर घर त्यांनीच सावरले. ते काम कोणत्याही अनुभवाच्या रकान्यात बसत नाही. पण पुढे त्याच अनुभवातून 'स्मृतिचित्रे' हा आत्मकथनाचा ग्रंथ १९३४ ते १९३७ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झाला आणि मराठी गद्यातील एक मानदंड ठरला. आज रेव्हरंड टिळकांना आपण जे ओळखतो, ते प्रामुख्याने त्या पुस्तकामुळे.

नोकरी करणाऱ्याच्या मागे घर सांभाळणारे कोणीतरी असते आणि त्याचे नाव कोणत्याच अर्जावर येत नाही. बायोडाटा नीट लिहावा, नेमका लिहावा, खरा लिहावा. पण तो म्हणजे संपूर्ण माणूस नव्हे, हे अर्ज करणाऱ्याने जसे लक्षात ठेवावे, तसे तो वाचणाऱ्यानेही ठेवावे. टिळकांचे पान हातात घेऊन ते बाजूला सारणारे त्या काळातही अनेक असतील. नगरात ते थोडे अधिक सावकाशपणे वाचले गेले, एवढेच.